उड्या मारणारे सोडा, सरपटणारे शोधा

या वेळी सगळी पत्रं एकाच विषयावरची घेतली आहेत : ऑर्किडच्या कुंडीत ओलीला धरून राहणारे बारीक जीव. पत्रांत त्यांना ‘किडे’, ‘पांढरे ठिपके’, ‘काहीतरी वळवळणारं’ असं म्हटलंय. मारलेल्या औषधाचं नाव मात्र बहुतेकांनी अचूक लिहिलंय, मात्रेसकट. म्हणजे कोणाला मारलं ते माहीत नाही, कशाने मारलं ते पाठ! प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं मुलांना आधी बघायला आणि मग बोलायला लावलं. त्यामुळे काही उत्तरं करड्या आवाजात आली असतील, तर रागावू नका.

प्रश्न : ताई, माझ्याकडे फॅलेनोप्सिस आहे, सालीच्या तुकड्यांत लावलेलं. आणलं त्याला तीन वर्षं झाली, कुंडी तीच. हल्ली पाणी घातलं की आतून करड्या-पांढऱ्या रंगाचे, टाचणीच्या टोकाएवढे किडे वर येतात आणि टणाटण उड्या मारतात. खालच्या बशीतल्या पाण्यावर तर त्यांचा थरच असतो. दोनदा कीटकनाशक फवारलं. आठवडाभर गायब होतात आणि पुन्हा हजर. आता खालची पानं मऊ पडून लोंबायला लागलीत. हे किडे मुळं खातायत ना? शेजारीण म्हणते झाड टाकून दे, नाहीतर घरभर पसरतील.

उत्तर : झाड टाकू नका, फवारणी मात्र आजच थांबवा.

उडी मारतात आणि पाण्यावर तरंगतात, एवढ्या दोन खुणांवरून सांगते : हे स्प्रिंगटेल. यांना पंख नसतात आणि कधी फुटतही नाहीत. बहुतेकांची लांबी १ ते ३ मिलिमीटर. पोटाखाली दुभंगलेल्या शेपटीसारखा एक अवयव दुमडून आकड्यात अडकवलेला असतो. धोका जाणवला की आकडा सुटतो, शेपटी खाली आपटते आणि प्राणी हवेत फेकला जातो. भिंगातून बघा, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरे. पाय सहाच दिसतील, तरी आज शास्त्रज्ञ त्यांना कीटकांत धरत नाहीत, कारण त्यांचे जबडे तोंडाच्या आत दडलेले असतात. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या खडकात यांच्यातल्या एकाचा जीवाश्म सापडलाय, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा पृथ्वीवर फूल नावाची गोष्टच नव्हती. एवढा जुना प्राणी दोन फवाऱ्यांत संपेल, ही आशा सोडा. औषधाने वरचे मेले, सालीच्या आतली अंडी उबली, आणि तुमचा आठवडा भरला.

शेजारीणबाईंना सांगा, स्प्रिंगटेल चावत नाहीत, कापड खात नाहीत, लाकूड पोखरत नाहीत. त्यांची त्वचा बाहेरचं पाणी अंगाला लागू देत नाही, म्हणून ते बुडत नाहीत. पण त्याच पातळ त्वचेतून अंगातली ओल भराभर उडून जाते. त्यामुळे कुंडीतून कोरड्या फरशीवर पडलेला स्प्रिंगटेल फार काळ जगत नाही. घरभर पसरायला घर ओलं असावं लागतं.

आता ते खातात काय? बुरशीचे धागे, शेवाळ, कुजकी साल, मेलेली मुळं. जिवंत टणक मुळाकडे सहसा वळत नाहीत. म्हणजे तुम्ही जो क्रम लावलाय, किडे आले म्हणून मुळं गेली, तो उलटा आहे. मुळं गेली म्हणून किडे आले.

पानं लोंबतायत कारण झाड तहानलेलं आहे. पाण्यात बसून तहानलेलं, कारण पाणी पिणारी मुळंच उरलेली नाहीत. फॅलेनोप्सिस रानात झाडांच्या फांद्यांवर वाढतं. त्याच्या मुळांभोवती मेलेल्या पेशींचं जाड आवरण असतं, व्हेलामेन म्हणतात त्याला. भिजलं की हिरवं, सुकलं की चंदेरी. या मुळांना भिजणं लागतं तसं मधूनमधून सुकणंही लागतं. साल नवी असते तेव्हा तुकड्यांमधून हवा खेळते. साधारण दीड-दोन वर्षांत ती मऊ पडते, तिचा भुगा होऊन तळाशी बसतो आणि फटी बुजतात. तुमच्या सालीला तीन वर्षं झाली. वरचे तुकडे कोरडे दिसले म्हणून तुम्ही पाणी घालत गेलात आणि मधला भाग कधी सुकलाच नाही, असं झालं असणार. त्यात खाली बशी भरलेली.

तेव्हा झाड कुंडीतून काढा. फुलं असली तरी काढा, फुलांसाठी थांबलात तर झाड जाईल. जुनी साल झटका, मुळं कोमट पाण्याखाली धुवा आणि एकेक मूळ दोन बोटांत हलकं दाबून बघा. टणक लागलं तर ते जिवंत आहे. रंगावर जाऊ नका. कुंडीच्या पोटातली मुळं उजेडाविना पिवळट-तपकिरी होतात, ती कापून टाकणारे लोक मी बरेच पाहिलेत. दाबल्यावर पाणी सुटलं, किंवा वरचं आवरण सटकन निघून आत नुसता दोरा राहिला, तर ते मूळ मेलं. तेवढंच कापा. कात्रीची पाती आधी ज्योतीवर धरून गार करून घ्या आणि दुसऱ्या झाडाला लावण्याआधी पुन्हा तेच करा, कारण विषाणू एका ऑर्किडमधून दुसऱ्यात जायला कापलेल्या जागेचा रस पुरतो.

नवी साल रात्रभर पाण्यात भिजवून निथळून घ्या. कोरडी साल पाणी धरत नाही, वरून ओतलेलं सरळ खाली जातं. कुंडी उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढीच हवी. चारच मुळं उरली असतील तर कुंडीही तेवढीच लहान, भले वरची पानं विचित्र मोठी दिसोत. दोन-तीन दिवस पाणी नाही, कापलेली टोकं सुकू द्या. मग पाणी वारावर न घालता वजनावर घाला. भरपूर पाणी देऊन निथळलेली कुंडी उचलून बघा, काही दिवसांनी सुकत आली की पुन्हा उचला. हाताला फरक लवकरच कळायला लागतो. बशीत पाणी साठलं की ओतून द्या.

लोंबलेली पानं पुन्हा ताठ होतीलच असं नाही. नवं मूळ फुटून पुढे सरकलं आणि नवं पान ताठ आलं, की झाड मार्गाला लागलं समजा. स्प्रिंगटेल थोडे राहतील. माझ्या खिडकीतल्या कुंड्यांतही आहेत. मी त्यांना औषध घालत नाही. त्यांची संख्या वाढलेली दिसली की मात्र कुंडी उचलून वजन बघते.

प्रश्न : तुम्ही स्प्रिंगटेलना नेहमी पाठीशी घालता. माझी ऑर्किडची रोपं प्रयोगशाळेच्या बाटलीतून काढून स्फॅग्नम मॉसमध्ये लावलेली आहेत, जेमतेम बोटाएवढी. नव्या मुळाच्या टोकाशी स्प्रिंगटेलचा थवाच बसलेला मी स्वतः पाहिला. टोक खरवडल्यासारखं झालं होतं.

उत्तर : तुमचं निरीक्षण मी खोडणार नाही. संख्या बेसुमार झाली आणि समोर अगदी कोवळं मूळ असलं, तर स्प्रिंगटेल ते खरवडू शकतात. बाटलीतून नुकत्याच बाहेर आलेल्या रोपाचं मूळ म्हणजे नुसता कोवळेपणा. मोठ्या झाडाला असा ओरखडा जाणवतही नाही. रोपाची मात्र दोन-तीनच मुळं असतात, त्यामुळे इथे हात घालायला हवा.

औषध तरीही नको. रोपांचा ट्रे पाण्याने भरलेल्या पसरट भांड्यात असा ठेवा की मॉस पूर्ण बुडेल, पण रोपांचे कोंब वर राहतील. वीसेक मिनिटांत बहुतेक स्प्रिंगटेल पृष्ठभागावर येतात. आणखी पाणी हळूहळू ओतत राहा, भांडं काठोकाठ भरून वाहू द्या, ते वाहून जातात. काही दिवसांनी पुन्हा एकदा करा. मॉस काळपट, चिकट झाला असेल तर नवा घाला आणि या वेळी तो दाबून भरू नका. बोटांनी दाबून बसवलेला मॉस आठवडाभर ओला राहतो, सैल ठेवलेला निम्म्या वेळात सुकतो.

प्रश्न : आमच्या घरात बारीक काळी चिलटं झालीत. दिव्यासमोर, चेहऱ्यासमोर घोंगावतात. ऑर्किडच्या कुंड्यांवर तर चालताना दिसतात. पिवळे चिकट सापळे लावले, भरून गेले, नवे लावले, तेही भरत आले. काही केल्या संपत नाहीत. यांनी झाडाला काही होतं का?

उत्तर : चालताना दिसतात हे लिहिलंत ते बरं केलंत. लांब पाय, लांब मिशा, नाजूक काळं अंग, उडण्यात कच्ची आणि कुंडीच्या मातीवर पळण्यात पक्की, अशी चिलटं असली तर ती बुरशीवर जगणारी. भिंगातून पंख पाहिलात तर इंग्रजी वाय अक्षरासारखी शीर दिसेल. अंग जाडसर, मिशा आखूड आणि पंखांवर फिकट ठिपके असले, तर ती शेवाळ खाणारी दुसरी माशी. तिच्यासाठी कुंडीच्या कडा आणि ट्रे घासून शेवाळ काढलं की पुरतं.

तुमची पहिल्या जातीची धरून चालते. उडणारं चिलट झाडाला काहीच करत नाही. ते आठवडाभर, फार तर दहा दिवस जगतं. पण तेवढ्यात एक मादी शंभर-दोनशे अंडी ओल्या मॉसमध्ये किंवा भुगा झालेल्या सालीत घालून जाते. सापळ्यावर चिकटलेल्या माद्यांपैकी कितीतरी अंडी घालूनच तिथे पोचलेल्या असतात. म्हणून सापळे भरतात आणि चिलटं संपत नाहीत.

खरा प्राणी खाली आहे : अळी. पांढरट, जवळजवळ पारदर्शक, वाढली की साधारण ५ मिलिमीटर, आणि डोकं चकचकीत काळं. ते काळं डोकं लक्षात ठेवा, त्यावरूनच ती ओळखायची. बुरशी हे तिचं मुख्य जेवण, पण कोवळी मुळं आणि मुळांची केसासारखी टोकंही ती खाते. शिवाय मुळं कुजवणाऱ्या बुरशीचे बीजाणू एका कुंडीतून दुसरीत नेण्याचं काम ही जात करते. जोमदार मोठं झाड तग धरतं. रोपं आणि आधीच आजारी झाडं धरत नाहीत.

अळ्या आहेत का ते बघायला कच्च्या बटाट्याची जाडसर चकती कापून मॉसवर दाबून ठेवा. दोन-तीन दिवसांनी उलटून खालची बाजू भिंगाखाली धरा. काळी डोकी दिसली की कुंडी नक्की झाली. सगळ्या कुंड्यांत ठेवा, फक्त ऑर्किडच्या नाही. लोक ऑर्किडवर उपाय करत बसतात आणि चिलटं शेजारच्या मनीप्लँटमधून येत असतात.

उपायाला माझी पसंती बीटीआयला. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. हा जिवाणू १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या डबक्यात सापडला आणि जगभर डासांच्या अळ्यांविरुद्ध वापरला जातो. अळीने तो गिळला की तिच्या पोटातल्या अल्कधर्मी रसात त्याचं विष मोकळं होतं आणि आतडं फाटतं. आपल्या पोटातला रस आम्लधर्मी, त्यामुळे आपल्याला त्याचा त्रास नाही. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात कालवा आणि मॉस पूर्ण भिजेल असं ओता. गिळल्याशिवाय तो काम करत नाही, म्हणजे उडणाऱ्या चिलटांवर, कोषांवर आणि अंड्यांवर शून्य परिणाम. अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा घरातल्या उबेत तीन-चार आठवड्यांचा असतो, तेव्हा तेवढे आठवडे दर आठवड्याला एकदा ओतायचं. बहुतेक लोक दुसऱ्या वेळेनंतर सोडतात, कारण दिव्यासमोर अजून चिलटं दिसतात म्हणून त्यांना वाटतं, औषध खोटं निघालं.

सापळे काढू नका, पण त्यांचं काम बदला. कुंडीजवळ आडवे, मॉसच्या पातळीला ठेवा आणि दर आठवड्याला नव्याने चिकटलेली चिलटं मोजून तारीख टाका. आकडा उतरत गेला तर उपाय चाललाय. नाही उतरला तर एखादी कुंडी तुमच्या नजरेतून सुटलीय.

कुंडीवर वाळूचा थर द्यायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. मातीच्या कुंडीत तो चालतो. ऑर्किडच्या सालीत वाळू फटींत उतरते आणि जी हवा आपल्याला हवी आहे तीच बंद करते. अळ्या खाणारे सूत्रकृमी आणि शिकारी कोळीही (जाळं विणणारे नव्हेत, इंग्रजीत माइट म्हणतात ते बारीक जीव) मिळतात, मोठ्या हरितगृहांत ते उत्तम काम करतात. खिडकीतल्या पाच कुंड्यांसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

प्रश्न : कुंडीत कीड काही दिसत नाही. पानं स्वच्छ, खालून-वरून पुसून पाहिली. उड्या मारणारं, उडणारं काहीही नाही. पण कॅटलियाची नवी मुळं फुटतात, बोटभर वाढतात आणि मग टोक नाहीसं होतं. कापल्यासारखं नाही, पोखरून खाल्ल्यासारखं. गेल्या वर्षीही असंच झालं. झाड जिवंत आहे, पण वाढत नाही. एक-दोन इवल्या गोगलगाई कुंडीच्या काठावर दिसतात, पण त्या अगदीच छोट्या आहेत, मुलं त्यांना खेळवतात.

उत्तर : कीड दिसत नाही म्हणता आणि शेवटच्या ओळीत तिलाच मुलांच्या हातात देता!

तुमचं पत्र या अंकात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत घबराट आणि नुकसान यांचं नातं नेमकं उलटं असतं. स्प्रिंगटेल उडी मारतो म्हणून लोक झाड फेकायला निघतात. ही गोगलगाय गोजिरवाणी दिसते म्हणून ती वर्षानुवर्षं मुळं खात राहते आणि कोणी लक्ष देत नाही.

ती ‘अगदीच छोटी’ म्हणजे पिल्लू नव्हे. पूर्ण वाढलेलीच तेवढी असते. झोनिटॉइडिस आर्बोरियस हे तिचं शास्त्रीय नाव. शंख चपटा, मधाळ तपकिरी, जेमतेम ५-६ मिलिमीटर रुंद, अंग करडं-निळसर. मूळची उत्तर अमेरिकेची, कुंड्यांबरोबर जगभर पोचलेली. बागेतली मोठी गोगलगाय रात्री वर येऊन पानं-फुलं खाते आणि दिवसा कुठेतरी लपते. ही मात्र कुंडीच्या आतच राहते, सालीच्या तुकड्यांखाली, जिथे कायम ओल असते. तुम्हाला काठावर एक-दोन दिसतात, तर आत बऱ्याच असणार.

ती खाते ते मुळाचं हिरवं, चकचकीत टोक. मूळ लांबीत वाढतं ते फक्त टोकाकडून. टोक गेलं की ते मूळ तिथेच थांबतं. मागून एखादा फाटा फुटतो, त्याचंही टोक ती खाते. कॅटलियाला नवी मुळं वर्षभर फुटत नाहीत, नव्या कोंबाबरोबर ठरावीक काळात फुटतात. तो बहर खाल्ला गेला की पुढच्या बहरापर्यंत झाड जुन्या मुळांवर दिवस काढतं. तुमचं झाड वाढत नाही याचं कारण हेच असावं.

तरीही खात्री करा, कारण मुळांची टोकं झुरळंही खातात. झुरळ असेल तर कुंडीच्या बुडाशी काळे बारीक लेंडीचे कण सापडतील. गोगलगाईची खूण म्हणजे सुकलेला चकाकता माग. संध्याकाळी कुंडीला पाणी द्या, काकडीची किंवा बटाट्याची चकती सालीवर ठेवा, दिवे मालवा आणि दोन तासांनी टॉर्च घेऊन जा. चकती उलटा. कुंडी उचलून बुडाची भोकंही बघा, तिथे त्या हमखास असतात. सापडलेल्या साबणाच्या पाण्यात टाका. मुलांना हात धुवायला सांगा, कुठलीही गोगलगाय हाताळल्यावर धुवावेतच, काही गोगलगाई माणसाला अपायकारक कृमी वाहतात.

चकतीने संख्या कमी होते, पण त्या संपत नाहीत. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे थोड्या राहिल्या तरी पुन्हा भरपूर होतात. अंडी साधारण १ मिलिमीटरची, पांढरट गोल, सालीला चिकटलेली असतात. म्हणून नवीन कोंबाला मुळांचे ठिपके दिसू लागतील, ती वेळ साधून कुंडी बदला. जुनी साल पूर्ण काढा, ‘थोडी चांगली आहे’ म्हणून मूठभरही ठेवू नका. मुळं आणि कंदांमधल्या बेचक्या पाण्याच्या धारेने धुवा, सुकलेली पापुद्र्यासारखी आवरणं सोलून काढा, त्यांच्याखाली त्या बसतात. जुनी कुंडी वापरायची असेल तर उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. नव्या कुंडीतलं झाड बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चकती लावा, कारण डोळ्यांतून सुटलेली अंडी तोवर फुटलेली असतात. ही दुसरी तपासणी टाळलीत तर सगळी मेहनत वाया.

गोळ्या वापरायच्याच तर लोह फॉस्फेटच्या. त्या खाल्ल्यावर गोगलगाय खाणं सोडते आणि काही दिवसांत मरते, तिथल्या तिथे मेलेली दिसली नाही म्हणून अधीर होऊ नका. वर टाकलेल्या गोळ्या आत राहणाऱ्या गोगलगाईला उशिरा सापडतात, तेव्हा सालीच्या फटींतही थोड्या सोडा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरात आणू नका. कुत्र्या-मांजरांना त्या घातक आहेत आणि तुमच्याकडे मुलंही आहेत.

जाता जाता कॉफीबद्दल, कारण पुढचं पत्र त्यावरच येणार. हवाईतल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं की १ ते २ टक्के कॅफीनचं द्रावण गोगलगाई मारतं, ऑर्किडच्या कुंडीतली ही जातसुद्धा. पण प्यायच्या कॉफीत कॅफीन असतं सुमारे ०.०५ टक्के. उरलेली कॉफी कुंडीत ओतून गोगलगाय मरणार नाही, बुरशी तेवढी वाढेल. आणि तीव्र द्रावण घरी बनवायच्या फंदात पडू नका, कॅफीनची पूड माणसालाही धोकादायक असते.

प्रश्न : कुंडीत मोहरीएवढी पिवळट अंडी आहेत. दाबली की फुटतात आणि पाणी निघतं. कुठल्या किडीची?

उत्तर : कुठल्याच नाही. झाड आणलंत तेव्हापासून असतील, तर ती सावकाश सुटणाऱ्या खताची गोळी आहे. खत विरघळून गेलं की कवच आणि आतलं पाणी उरतं. असू द्या.

प्रश्न : पाणी घातल्यावर पांढरे, दोऱ्यासारखे, सेंटिमीटरभर लांबीचे कृमी वर येतात. सालीवर तपकिरी, गोल, चकचकीत, अगदी हळू चालणारे ठिपकेही आहेत. दोन्हींची भीती वाटते.

उत्तर : कृम्यांना काळं डोकं नसेल तर ते कुजकं खाणारे गांडुळांचे बारीक नातलग. तपकिरी ठिपके कठीण पाठीचे कोळी, तेही कुजकंच खातात. पानं खराब करणारा लाल कोळी हा नव्हे, त्याला कोरडी गरम हवा आवडते आणि तो पानाखाली राहतो. दोघांना मारू नका, पण कुंडी बदलायला झालीय एवढं त्यांच्यावरून समजा. पांढरं, कापसासारखं आणि हलवलं तरी न हलणारं काही मुळांवर दिसलं, तर मात्र ते पिठ्या ढेकूण आहेत. त्यांना ओल लागत नाही, जिवंत रस लागतो. त्यावर वेगळं लिहीन.

प्रश्न : हायड्रोजन पेरॉक्साइड, दालचिनीची पूड, कडुनिंबाचं तेल. यांतलं नेमकं काय वापरावं? पेरॉक्साइड घातलं की कुंडी फसफसते, म्हणजे जंतू मरतायत ना?

उत्तर : फसफसणं हा पुरावा नाही. जिवंत पेशींत असलेलं एक विकर पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, त्याचे ते बुडबुडे. चांगल्या मुळाच्या जखमेवरही ते तसंच फसफसतं. काही अळ्या मरतात हे खरं, पण कुजकी साल तशीच राहते आणि मुळांची कोवळी टोकं भाजतात. दालचिनी पानाच्या कापलेल्या जागेवर चिमूटभर ठीक, ती जागा सुकवते. त्याच कारणासाठी मुळांवर नको. कडुनिंबाचं तेल पानांवरच्या खवले किडीसाठी ठेवा. सालीत ओतलं तर व्हेलामेनवर तेलाचा थर बसतो आणि पाणी शोषणं अवघड होतं.

बुरशीनाशक घालून या सगळ्यांचं अन्नच तोडावं, असंही एकाने सुचवलंय. साल कुजते ती बुरशीमुळेच, ती थांबवायला दर आठवड्याला औषध ओतत बसावं लागेल. त्यापेक्षा साल बदलणं सोपं.

प्रश्न : कुंडी बदलल्यावर निघालेली जुनी साल बागेतल्या झाडांना घातली तर चालेल का?

उत्तर : स्प्रिंगटेल, कृमी, कठीण पाठीचे कोळी असलेली साल खुशाल घाला, मातीत त्यांचं कामच आहे. चिलटांच्या अळ्या असलेली आधी उन्हात पसरून खडखडीत वाळवा. गोगलगाईवाल्या कुंडीची साल मात्र बागेत नको, बाहेरच्या कुंड्यांच्या बुडाखालून त्या पुन्हा घरात येतात. ती पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि कचऱ्यात द्या. पिशवी बांधण्याआधी हातमोजे आणि कात्री नीट तपासा, कात्रीच्या खिळ्यापाशी एखादी चिकटलेली असते.